दिवस जात नाही, दिवस पुरत नाही

पुणे, २ डिसेंबर

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "काय करू गं, दिवसच जात नाही." मागून आईचा आवाज आला, "माझा पुरत नाही." तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ती दोन वाक्यं मनातून जाईनात. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

बाबा, एस.टी.तून निवृत्त होऊन तुम्हाला आठ वर्षं झाली. पहिलं वर्ष घराच्या डागडुजीत गेलं. आता पेपर जाहिरातींसकट वाचून होतो, मग पारावर दोन तास, मग मोबाइल, आणि अधूनमधून चहा. तो चहा आई करते. रागाने लिहीत नाही, बाबा. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आई निवृत्त झाली नाही, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. मी सुट्टीला येते तेव्हा मलाही ताट वाढूनच मिळतं. तुमचा मोकळा वेळ आईच्या हातांतून येतो, आणि तिला तो कोण देणार, हे आपल्याला तिघांना मिळून बघायला हवं.

आता छंदाचं. तुम्ही म्हणता, "या वयात काय नवीन शिकायचं?" मी नवीन काही सांगतच नाही. तुम्ही मुक्कामी गाडी घेऊन जायचात, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर सतरंजी टाकून झोपायचात, आणि पहिली गाडी काढायच्या आधी शुक्राची चांदणी बघून तोंड धुवायचात, हे तुम्हीच मला सांगितलंय. आणि आई, तू लहानपणी खळ्यावर झोपताना तुझ्या आजीकडून ऐकलेली म्हातारीच्या बाजेची गोष्ट मला सांगायचीस: बाजेचे चार खूर, आणि ती चोरायला निघालेले तीन चोर. पुस्तकात ज्याला सप्तर्षी म्हणतात ते हेच, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. म्हणजे दोघांनी अर्धं आयुष्य आभाळाखाली काढलंय, फक्त कधी एकत्र बसून ते पाहिलं नाही.

मी इथे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था या आकाश बघणाऱ्यांच्या संस्थेतल्या लोकांमुळे ताऱ्यांच्या नादाला लागले. १९४४ पासून ही संस्था हौशी माणसंच चालवतात. पण इथल्या गच्चीवरून ठळक असे वीस-पंचवीस तारे दिसले तरी खूप. आपल्या आटपाडीकडे पाऊस पडत नाही म्हणून आपण जन्मभर कुरकुर केली. त्याच कोरड्या हवेची, रस्त्यावर दिवे नसलेल्या आपल्या वाडीची किंमत मला इथे येऊन कळली.

सोबतच्या पार्सलमध्ये एक दुर्बीण आहे. तिच्यावर ८×४० लिहिलंय: आठ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं आहे. आभाळ बघायला बरेच जण ७×५० सांगतात. मी मुद्दाम ती घेतली नाही. चाळिसाला आठाने भागलं की पाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. सातवाल्या दुर्बिणीचा झोत सात मिलिमीटरचा असतो, पण साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही साधारण पाचच मिलिमीटर उघडते. उरलेला उजेड वाया, आणि वजन मात्र हातांना पेलावं लागतं. दुकानदाराला हे पटवून देताना मला फार आनंद झाला. दोरी आधी गळ्यात घालायची, मग डोळ्याला लावायची. आणि सूर्याकडे चुकूनही वळवायची नाही, नातवंडं आली असतील तर दुर्बीण दिवसा कपाटात ठेवा.

मान वर करून उभं राहायचं नाही. बाबांच्या मानेला ते सोसणार नाही. गच्चीवर बाज कायमची टाकून ठेवा, आडवं पडून बघा. जिना चढताना बॅटरी हवीच, तिच्या तोंडाला लाल जिलेटीनचा कागद रबराने लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात मोडते. मोबाइलनेही मोडते, बाबा.

सध्या रात्री आठच्या सुमाराला आडवं पडलात की डोक्यावरून थोडं उत्तरेला देवयानी हा तारकासमूह आहे. तिथे दुर्बिणीतून एक फिकट लांबट डाग दिसेल. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह. तो उजेड तिथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली. पूर्वेला वर आलेल्या कृत्तिका, तो ताऱ्यांचा छोटा झुबका, नुसत्या डोळ्यांनी सहा मोजता येतात, दुर्बिणीतून किती दिसतात ते दोघांनी वेगवेगळं मोजा आणि भांडा. नऊ वाजता पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो, मधला तीन ताऱ्यांचा बाण ओळीत. थोड्या वेळाने त्याच्या खालून व्याध हा ठळक तारा उगवतो.

आई, तू मला एकदा विचारलं होतंस की मृग जूनमध्ये लागतो, मग जूनमध्ये तो आभाळात का दिसत नाही. तुझ्या वडिलांना विचारलंस तर ते म्हणाले, "ढगामागं असतंय." मलाही तेव्हा उत्तर आलं नव्हतं. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. सात-आठ जूनला तो तिथे जातो, त्यामुळे मृग सूर्याबरोबरच उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. ढग नसते तरी दिसला नसता. म्हणून तो बघायचा थंडीत. तुझी सगळी पावसाची नक्षत्रं, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त, स्वाती, अशीच साडेतेरा-चौदा दिवसांची सूर्याची मुक्कामाची ठिकाणं आहेत. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती" म्हणायचीस ना, त्या स्वातीचा तारा केशरी आहे आणि उन्हाळ्यात रात्री डोक्यावर येतो. प्रश्न इतका बरोबर विचारला होतास, आणि पन्नास वर्षं तुला कुणी उत्तर दिलं नाही.

मोतीबिंदू काढल्यावर गेल्या वर्षी चंद्र बघून तू म्हणालीस, "आगं, येकच हाय की!" त्या दिवशी आम्हाला कळलं की दोनेक वर्षं तुला तीन-तीन चंद्र दिसत होते आणि तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता तुझे डोळे आम्हा सगळ्यांत स्वच्छ आहेत. डोळ्यातलं पिवळं पडलेलं भिंग गेलं, त्यामुळे व्याधाचा निळसर पांढरा रंग तुला बाबांपेक्षा जास्त उठून दिसेल. वहीत तारीख, वेळ, काय दिसलं ते बाबांनी लिहायचं, अक्षर त्यांचं चांगलं आहे. सांगायचं आईने. आणि आजीच्या तोंडची नावं लिहायला विसरू नका. बाजेसारखी आणखी होती, मला ती कुठल्याच नकाशात सापडत नाहीत.

हे सगळं आठ वाजता व्हायचं तर सातला जेवणं उरकायला हवीत. म्हणून माझी विनंती: आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक बाबांनी करायचा. मुक्कामाला असताना तुम्ही स्टोव्हवर पिठलं करायचात, त्याचं कौतुक तुमच्या कंडक्टरकाकांनी केलेलं मी ऐकलंय. घरात ते आम्ही एकदाही खाल्लं नाही. भांडी दोघांनी घासा. आईला मालिका बघायची असेल त्या दिवशी तिला गच्चीवर ओढू नका, तोही तिचा वेळ आहे.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतल्या उल्का पडतील, त्याला दुर्बीण नको, फक्त रग हवा. मी १२ ला रात्रीच्या गाडीने निघतेय.

पण त्याच्या आधी एक काम तुमचं तुम्हीच करा. वैशाखातल्या भर दुपारी लग्न लागलं तेव्हा भटजींनी वर बोट करून "अरुंधती दिसली म्हणा" सांगितलं आणि आईने पदराआडून "दिसली" म्हटलं, ही गोष्ट आई दर लग्नसराईत सांगते. या दिवसांत पहाटे पाचला ईशान्येला बाज वर आलेली असते. तीन चोरांतला मधला म्हणजे वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा, मग दुर्बिणीतून. बाबा, तुम्ही चारला उठताच. चहा करा, आणि मग आईला हाक मारा. दिसली की नाही, ते या वेळी खरं सांगा.

तुमची,
मनू