ओहायो स्टेटची मॅच लंडनमध्ये: मुलास पत्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

यंदा मिशिगन आणि ओहायो स्टेट या अमेरिकन विद्यापीठांची फुटबॉल मॅच (अमेरिकन फुटबॉलची) पडद्यावर एकत्र बघायचा कार्यक्रम मिशिगनच्या लंडनमधल्या माजी विद्यार्थ्यांनी तुझ्या गळ्यात घातलाय, तर आधी एकच सांगते. हा कार्यक्रम फक्त आपल्या निळ्या-पिवळ्या मिशिगनवाल्यांचा करू नकोस. ओहायो स्टेटवाल्यांना पाहुणे म्हणून नव्हे, बरोबरीचे यजमान म्हणून बोलाव. १८९७ पासूनचं हे वैर. समोर लाल-करडे सदरे नसतील तर ओरडायचं कोणाकडे बघून?

मॅच थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणानंतरच्या शनिवारी, बहुधा अमेरिकेतल्या दुपारी बारा वाजता, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळी पाचला. खरी गोची इथेच आहे. बहुतेक शनिवारी साडेपाचला प्रीमियर लीगचा सामना टीव्हीवर असतो. पबमालक कोपऱ्यातला एक टीव्ही देईलही, पण आवाज त्या सामन्याचाच राहणार. म्हणून वेगळी खोली, तिथला स्क्रीन आणि त्याचाच आवाज, या तिन्ही गोष्टी ईमेलवर लिहून घे. बुकिंग सप्टेंबरातच कर, कारण नोव्हेंबरअखेर ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या सुरू होतात आणि मग किमान खर्चाची अट वाढते. वेळ साडेचार ते साडेनऊ घे. मॅच साडेतीन तास चालते, आणि बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत लांबते.

थँक्सगिव्हिंगला लंडनमध्ये सुट्टी नसते, त्यामुळे बरेच अमेरिकन त्या सणाचं जेवण याच शनिवारी ठेवतात. निमंत्रण ऑक्टोबरात गेलं नाही तर माणसं त्या जेवणांना जातील. आणि प्रत्येकी दहा पौंड आधीच जमा करून घे. नुसतं ‘येतो’ म्हणणाऱ्यांच्या भरवशावर खुर्च्या मोजू नयेत.

प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात, म्हणून ब्रिटनमध्ये मॅच कुठे दिसणार हे त्या आठवड्यात पुन्हा तपास. घरगुती सदस्यत्व पबात चालत नाही, तिथे व्यावसायिक परवानाच लागतो, आणि तो पबकडे आहे का हे बुकिंगआधी विचार. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणार असशील तर आदल्या शनिवारी त्याच खोलीत दुसरी कॉलेज मॅच लावून बघ. अशा वेळी आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, कारण प्रक्षेपणाला कॉपी-संरक्षण असतं आणि जुना प्रोजेक्टर किंवा स्वस्तातला ॲडॅप्टर ते ओळखत नाही. वायफायवर विसंबू नकोस. साठ माणसांचे फोन जोडले गेले की चित्र अडकतं, तेव्हा इंटरनेटची केबलच ओढून घे. इंटरनेटवरचं चित्र मैदानापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतं, म्हणून स्कोअरचे अलर्ट सगळ्यांना बंद करायला लाव. नाहीतर टचडाउन पडद्याआधी कोणाच्या तरी खिशात वाजतो. दोन स्क्रीन असतील तर दोन्हींना एकाच ठिकाणाहून चित्र दे.

हाफटाइमला वाहिनी स्टुडिओत जाते, विद्यापीठांचे बँड फारसे दिसत नाहीत. त्या वीस मिनिटांत दोन्ही बाजूंना आपापलं गाणं म्हणू दे, आणि ट्रम्पेट वाजवणारं कोणी असेल तर हुडकून ठेव.

खाण्यात ओहायोच्या बकाय गोळ्या हव्यातच (बकाय हे तिथलं झाड, त्याच्या बीसारख्या या दिसतात, आणि ओहायो स्टेटच्या संघाचं नावही तेच), आणि त्या आपल्या माणसांनी चावून खायच्या! चाळीस गोळ्यांना पीनट बटर २५० ग्रॅम, मऊ लोणी ६० ग्रॅम, आयसिंग शुगर ३०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. मळून सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळ आणि अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेव. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट चमचाभर खोबरेल तेलासोबत वितळव आणि कोमट होऊ दे. गोळ्यात टूथपिक खोचून बुडव, पण वरचा गोल उघडा ठेव, कारण बकायच्या बीवर तसाच फिका डाग असतो. वर तेल सुटणारं पीनट बटर घेतलंस तर गोळे पसरतात. गोळे पुरेसे गार नसले तर चॉकलेटमध्येच निखळतात. भांड्याला पाण्याचा थेंब लागला तरी चॉकलेटच्या गाठी होतात. थाळीवर शेंगदाण्याची चिठ्ठी लाव, ॲलर्जी असते लोकांना. सजावटीला बागेतल्या हॉर्स चेस्टनट झाडाची बी मांडू नकोस. ती बकायच्याच कुळातली आणि विषारी, आणि तिथे लहान मुलं असतील.

बसायला मधे वाट सोडून दोन बाजू कर. जोडीदार, शेजारी वगैरे नवख्यांना मागे बसव आणि एवढंच समजाव: चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, जमलं तर पुन्हा चार. ओहायोवाले त्या आठवड्यात आवारातल्या पाट्यांवरच्या एम (मिशिगनचं) अक्षरावर लाल फुली मारतात. तुझ्या मेनूवरही मारू दे त्यांना, त्यात मजा आहे.

झेंड्याबाबत मात्र कडक राहा. २०२४ मध्ये कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या मैदानावर, आपण १३–१० जिंकलो, मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायला गेलो आणि हाणामारी झाली. पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड बसला. म्हणून झेंडे आपापल्या भिंतीवर बांधायचे, जिंकल्यावरही काढायचे नाहीत, आणि शेवटची शिट्टी वाजली की हरलेल्यांच्या टेबलाशी आधी तू जायचंस.

खोलीची अनामत भरलीस की कळव. ओहायोवाल्यांशी बोलणं झालं का, तेही लिही.

तुझी,
आई