सिस्टर, त्या दोन वाजून दहा मिनिटांसाठी

सिस्टर,

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. इंग्रजीतलं कार्ड दिलं होतं, पण त्यात चार ओळींच्या वर काही मावलं नाही. माझ्या एचआयव्हीबद्दल घरात यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, त्यामुळे इथे नाव ना तुमचं, ना माझं.

थोरलीच्या वेळी, २०१६ साली, लंडनमधल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात कागदी पेल्यातून दोन बारीक पांढऱ्या गोळ्या समोर आल्या. दुधातून विषाणू बाळाला जाऊ नये म्हणून दूध आटवायच्या. मी गिळेपर्यंत देणारी बाई हलली नाही. त्याआधी एकदा भीत भीत विचारलं होतं, माझ्या रक्तात विषाणू सापडत नाही, एक दिवस गोळी चुकवलेली नाही, मग पाजलं तर? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि 'सोशल सर्व्हिसेस' एवढंच म्हणाले. पोरीला नेतील की काय या भीतीने मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

साताऱ्याहून सासूबाईंचे डिंकाचे नि अळिवाचे लाडू आले, दूध यावं म्हणून. ओट्याशी उभी राहून रोज एक खायचे आणि व्हिडिओ कॉलवर सांगायचे, "पान्हाच फुटत नाही हो आई." त्या म्हणायच्या, "शेपू खा." शेपूही खाल्ला.

आणि पुण्याला एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, रांगेत ओळख झालेली माझी मैत्रीण? तिला तिथे बजावून सांगितलं होतं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नको. विषाणू तोच. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून म्हणतेय की औषधं चालू असतील तर आईने पाजावं. पण ते जिथे पाण्याचा भरवसा नाही, पावडरचा डबा परवडत नाही आणि बाळं जुलाबाने दगावतात, तिथलं बघून. इथे नळाला स्वच्छ पाणी, दुकानात डबा, मग धोका घ्याच कशाला? हिशेब चुकीचा नव्हता. बाळंतिणीला मात्र त्यात कुणी धरलंच नव्हतं.

२०१८ मध्ये ब्रिटनच्या एचआयव्ही डॉक्टरांच्या संघटनेने पहिली पसंती डब्यालाच ठेवली, पण विषाणू दबलेला असून एखादीला पाजायचंच असेल तर तिला साथ द्या, असंही लिहिलं. अमेरिका १९८५ पासून नको म्हणत होती, तीही २०२३ मध्ये नरमली. कागदावर आलं खरं, पण कागद काही रात्री-अपरात्री वॉर्डात येत नाही. तुम्ही आलात.

तुम्ही गोड बोलून काही झाकलं नाहीत. डबा दिला तर दुधातून लागण होण्याचा प्रश्नच नाही. अंगावर पाजलंस तर शंभरात एकाहून कमी, पण शून्य नाही. हे 'शून्य नाही' तीनदा म्हणालात. मग विचारलंत, "तुझं काय ठरलंय?" आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

धाकटा झाला त्या रात्री त्याला धरताच येईना. तुम्ही आधी तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणलीत. हातमोजे नव्हते. त्याची मान सावरताना दुधाचा एक थेंब उडाला तो थेट तुमच्या छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळावर. मी गारठले. सॉरी म्हणणार, तोच तुम्ही अंगठ्याने काच पुसलीत, घड्याळ वर करून बघितलंत आणि म्हणालात, "दोन वाजून दहा. पहिलं दूध." बाळाच्या कागदावर लिहिलंतही तसंच. हात धुवायला धावला नाहीत.

पुढचं सगळं, दर महिन्याला माझं नि त्याचं रक्त, जुलाब झाले की फोन, छातीत गाठ आली की फोन, सांगत बसत नाही. साडेपाच महिने पाजलं. थांबवल्यावर दोन महिन्यांनी केलेली तपासणीही निगेटिव्ह आली. गोळ्यांचं श्रेय गोळ्यांना आहेच. पण एखाद्याच्या अंगचं काही आपल्या अंगावर उडालं तर दचकायचं नाही, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात कोण जाणे. आमच्यात याला घरचं वळण म्हणतात.

एक कबुली राहिली. कार्डाबरोबर डबा दिला होता, त्यातले लाडू सासूबाईंचेच. "कसले?" विचारलंत, तेव्हा मी 'इंडियन स्वीट' म्हणून वेळ मारून नेली. ते अळिवाचे होते, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात ते. तुम्ही ड्युटीवरच दोन खाल्लेत आणि तिसरा पर्समध्ये टाकलात.