घाटाच्या माथ्यावरच गिअर पाड

कळंबोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू ट्रेलर चालवायला घेतलास हे वहिनींकडून कळलं. आनंद झाला, पण त्या रात्री झोप काही लागली नाही. तुझा हात साफ आहे, सहाचाकी तू वर्षानुवर्षं चालवलीस. तरी चाकणहून भरलेला कंटेनर घेऊन न्हावाशेव्याला यायचं म्हणजे मधे बोरघाट उतरायचा, आणि तिथे मागचं ओझं घोड्याला, म्हणजे पुढच्या इंजिनाच्या गाडीला, ढकलत असतं. नुसता भरला डबाच, म्हणजे कंटेनरच, २५-३० टनांचा असू शकतो. फोनवर तू ‘हो हो’ म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहायला बसलो.

माझी गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. नवा होतो तेव्हा भरला ४० फुटी डबा घेऊन खंडाळ्याहून खाली येत होतो. उस्तादांनी बजावलेलं असूनही डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं. वेग वाढला की ब्रेक, पुन्हा वाढला की ब्रेक. आधी लायनर, म्हणजे ब्रेकची घासपट्टी, जळाल्याचा वास आला. मग आरशात ट्रेलरच्या मागच्या चाकांतून धूर दिसला. पायाखाली पॅडल नेहमीसारखंच लागत होतं, गाडी मात्र धरत नव्हती. पुढे रस्ता जरा सपाट झाला म्हणून गिअर पडला. थांबल्यावर गाडी सरकू नये म्हणून चाकांना उटी, म्हणजे अडण, लावली आणि कितीतरी वेळ कठड्याला टेकून बसून राहिलो. त्या दिवशी पुढे एखादी शाळेची बस असती तर, हे अजूनही मनातून जात नाही.

चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, आणि तापलेल्या लायनरची पकडही जाते. वरून सारखा ब्रेक मारला की ज्या हवेवर ब्रेक चालतो ती टाकीतली हवा उतरते. अशा ड्रमवर पाणी मारू नकोस, तडकतो. आपोआप थंड होऊ दे.

न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज तर डोक्यातून काढूनच टाक. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये उतरत असली आणि एक्सलेटरवरून पाय काढला, की डिझेल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

ज्या गिअरात तो घाट चढला असतास त्याच्या एक खालचा पाड, आणि तोही माथ्यावर, उतार लागायच्या आधी. एकदा वेग धरला की खालचा गिअर पडत नाही आणि तू मधेच न्यूट्रलमध्ये अडकतोस. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी धरणारा ब्रेक, चालू ठेव. ब्रेक घासत ठेवू नकोस: गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ लागली की ठाम दाबून ३२ पर्यंत आण, आणि सोडून दे. ड्रमला तेवढाच वारा लागतो.

निघताना ट्रेलरला ब्रेकची हवा नेणारे होजपाइप कानाने तपास, सूं असा आवाज आला तर हवा गळतेय. ट्रेलरचे ब्रेक घोड्याच्या बरोबरीने धरतात का तेही बघ. नाहीतर घोडा थांबतो, ट्रेलर येत राहतो आणि वळणावर दुमडून केबिनपाशी येतो. पावसात रिकामा ट्रेलर तर भरल्यापेक्षा लवकर घसरतो, तेव्हा वेग वळणाआधीच कमी कर.

गुजरातची खेप मिळाली तर मुंब्रा बायपासवरून ठाण्यात घोडबंदर रोडला लागशील. तिथे गायमुखचा चढ छोटा आहे, पण कोंडीत मधेच थांबावं लागलं की भरली गाडी मागे सरते आणि मागे रिक्षा, दुचाक्या अगदी चिकटून उभ्या असतात. पुढची गाडी बरीच वर जाईपर्यंत तू खालीच थांब. हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू दे.

पहिल्या खेपेला निघालास की फोन कर. मी खोपोलीपर्यंत येतो, तिथून कळंबोलीपर्यंत तुझ्या बाजूला बसतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जिवलग मित्र