कॅल्शियमचे अडथळे आणि लेझर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयाच्या धमनीत कॅल्शियम साचून झालेला कोणताही ब्लॉक लेझरने विरघळतो, अशी समजूत रुग्णांमध्ये पसरत आहे. ती अपुरी असल्याने हे पत्र. या उपचारात ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील एक्सायमर लेझर कॅथेटरमधून (धमनीत सरकवलेल्या बारीक नळीतून) स्पंदांच्या रूपात सोडला जातो. तो ऊतीत मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतकाच शिरतो. तेवढ्या थरातील रेणूंचे बंध तुटतात, वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि अडथळा सैल पडतो. रक्त व कॉन्ट्रास्ट (क्ष-किरण चित्रात धमनी दिसावी म्हणून सोडलेले द्रव्य) हा प्रकाश शोषून घेत असल्याने बुडबुड्यांचे धक्के अनावर होऊ नयेत, यासाठी सलाइन सतत सोडावे लागते.

मात्र दाट कॅल्शियमवर लेझरचा थेट परिणाम मर्यादित असतो. तेथे हिऱ्याचे कण बसवलेले, वेगाने फिरणारे रोटाब्लेशनचे टोक किंवा दाबलहरींनी कॅल्शियमला तडे देणारी लिथोट्रिप्सी (जिलाही अनेकजण लेझरच समजतात) अधिक उपयोगी पडते. लेझरचे खरे मोल कळते ते धमनी रुंद करणारा अँजिओप्लास्टीचा फुगा अडथळ्यातून पुढेच सरकत नाही तेव्हा, किंवा आधी बसवलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बाहेरच्या कॅल्शियममुळे पुरता उघडलेला नसतो तेव्हा. धमनी चिरण्याचा अथवा तिला छिद्र पडण्याचा धोका लहान असला, तरी तो आहेच.

म्हणून धमनीच्या आतून चित्रण करून कॅल्शियमची जाडी व व्याप्ती पाहिली का आणि हेच साधन का निवडले, हे डॉक्टरांनी नातेवाइकांना संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी सोप्या भाषेत सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक