'बॅड जो' एवढीच ओळख?

फ्लूच्या साथीमुळे १९१९मध्ये अपूर्ण राहिलेल्या, आइस हॉकीतील स्टॅन्ले चषकाच्या अंतिम मालिकेवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यात मॉन्ट्रियलचा खेळाडू जो हॉल केवळ मारकुटा 'बॅड जो' म्हणून येतो, हे खटकले. दांडगट तो होताच. पण मिशिगनमधील हॉटन गावात, पहिल्या पूर्ण व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये पगारावर खेळलेल्यांपैकीही तो एक. पुढे क्विबेक संघाकडून त्याने १९१२ व १९१३चे चषक जिंकले. १९१९च्या मालिकेत सिएटल संघाविरुद्ध तिथेच झालेल्या पाचव्या सामन्यात तापाने फणफणलेला हॉल खेळ अर्धवट टाकून बाहेर पडला. १ एप्रिलची निर्णायक लढत खेळाडू आजारी पडल्याने काही तास आधी रद्द झाली. मॉन्ट्रियलने चषक सोडायची तयारी दाखवली, तरी सिएटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी तो घेतला नाही. ५ एप्रिलला हॉल गेला. वय अवघे ३७.

– एक वाचक, पुणे