स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाला नवखे म्हणू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर युरोपातील फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग या स्पर्धेच्या बदललेल्या स्वरूपाविषयी अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख वाचला. स्पर्धेतील संघांची संख्या वाढवल्यामुळे सामन्यांचा दर्जा घसरला, हे लेखकाचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. मात्र त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी स्लोव्हाकियाच्या स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा या क्लबाचे उदाहरण घेतले आणि त्याला युरोपच्या पंगतीत चुकून येऊन बसलेला नवखा पाहुणा ठरवले, तिथे मला थांबावे लागले. पुढे याच क्लबाने २००५ साली स्कॉटलंडच्या सेल्टिकला ५-० असे हरवल्याचेही त्यांनी लिहिले आहे. यातले पहिले विधान अन्यायाचे आहे आणि दुसरे साफ चुकीचे.

आकडे लेखकाने दिले आहेत ते खरेच आहेत. २०२४-२५ च्या हंगामात स्लोव्हानने साखळीतील आठही सामने गमावले, सात गोल केले, सत्तावीस खाल्ले आणि छत्तीस संघांत पस्तिसावे स्थान मिळवले. ग्लासगोला सेल्टिककडून १-५, घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीकडून ०-४. बायर्न म्युनिक, अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि स्टुटगार्ट या तिघांविरुद्ध प्रत्येकी १-३. मिलानविरुद्ध २-३ अशी झुंज झाली, तेवढाच काय तो दिलासा. परंतु हा संघ साखळीत आमंत्रणावरून आलेला नव्हता. जुलै महिन्यात पात्रता स्पर्धेच्या अगदी पहिल्या फेरीपासून त्याने सुरुवात केली, चार प्रतिस्पर्धी मागे टाकले आणि शेवटी डेन्मार्कच्या मिट्युलांडला दोन सामन्यांत मिळून ४-३ असे नमवून तो तिथवर पोहोचला. याउलट, त्याला सहज हरवणाऱ्या बड्या क्लबांना पात्रता फेऱ्यांचे तोंडही पाहावे लागत नाही.

आता 'नवखा' या आरोपाविषयी. या क्लबाची स्थापना मे १९१९ मधली आहे. त्याआधी काही महिनेच हे शहर नव्या चेकोस्लोव्हाकियात आले होते आणि जर्मन, हंगेरियन व स्लोव्हाक अशा तिन्ही भाषा तिथल्या रस्त्यांवर ऐकू येत होत्या. जर्मनांचे आणि हंगेरियनांचे क्लब तिथे आधीपासून होते. नव्या राष्ट्राच्या नागरिकांनी आपला म्हणून हा क्लब उभा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर लाझ्लो कुबाला हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला तरुण इथे दोन वर्षे खेळला, क्लबाचा माजी खेळाडू व प्रशिक्षक फर्डिनांड दाउचिक याच्या बहिणीशी त्याने लग्न केले, आणि नंतर साम्यवादी हंगेरीतून पळ काढून तो बार्सिलोनाचा तारा झाला. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता तोही हाच दाउचिक. म्हणजे बार्सिलोनाच्या वैभवाची जी पहिली मोठी लाट मानली जाते, तिच्यातली दोन ठळक माणसे ब्रातिस्लाव्हाहून गेलेली होती. इकडे ब्रातिस्लाव्हाच्या संघाने १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे चेकोस्लोव्हाकियाचे विजेतेपद मिळवले.

लेखकाच्या नजरेतून जे निसटले, त्यातले सर्वांत मोठे म्हणजे १९६८-६९ चा हंगाम. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. त्याचे पडसाद फुटबॉलमध्येही उमटले. आक्रमक देशांच्या क्लबांशी खेळण्यास पश्चिमेकडील काही क्लबांनी नकार दिला, तेव्हा युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने पहिल्या फेरीच्या जोड्या पुन्हा लावून पूर्वेला पूर्वेशी आणि पश्चिमेला पश्चिमेशी भिडवण्याचा तोडगा काढला. त्याच्या निषेधार्थ सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया आणि पूर्व जर्मनी यांचे क्लब स्पर्धांतून बाहेर पडले. ज्याच्या भूमीवर रणगाडे उभे होते, त्या देशाचे क्लब मात्र खेळत राहिले. देशोदेशीच्या चषकविजेत्यांसाठी असलेल्या कप विनर्स कपमध्ये स्लोव्हानने युगोस्लाव्हियाच्या बोर संघाला हरवले, पोर्तोमध्ये एका गोलाने पराभूत होऊन घरी त्याच संघावर चार गोल चढवले, तोरिनोला दोन्ही सामन्यांत नमवले, आणि उपान्त्य फेरीत स्कॉटलंडच्या डनफर्मलिनला बरोबरी आणि एका गोलाच्या विजयाच्या जोरावर मागे टाकले.

२१ मे १९६९ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे अंतिम सामना झाला आणि समोर बार्सिलोना होती. चेकोस्लोव्हाकियाचे सुधारणावादी नेते अलेक्झांडर दुबचेक यांना कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च पदावरून दूर करून अवघा महिना लोटला होता. मायदेशी जे काही मोकळे वारे वाहिले होते, त्याची दारे एकेक करून बंद होत होती. दुसऱ्याच मिनिटाला ल्युदोवित त्स्वेत्लर याने गोल केला. साल्दुआने बरोबरी साधली. नंतर बचावफळीतून चेंडू घेऊन पुढे सरसावलेल्या व्लादिमिर ह्रिवनाकने दुसरा आणि मध्यंतरापूर्वी यान चापकोविचने तिसरा गोल केला. उत्तरार्धाच्या सुरुवातीस कार्लेस रेशाकने एक गोल फेडला, पण गोलरक्षक अलेक्झांडर वेंत्सेल आणि त्याच्या पुढची फळी शेवटपर्यंत टिकून राहिली. निकाल ३-२. प्रशिक्षक होते मिखाल विचान. साम्यवादी गटातल्या एखाद्या क्लबाने युएफाची स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि चेक किंवा स्लोव्हाक क्लबाला त्यानंतर आजतागायत युरोपातला कोणताही प्रमुख चषक मिळालेला नाही. विशेष म्हणजे हा संघ त्या वर्षी आपल्या देशाचाही विजेता नव्हता. तो मान जवळच्याच त्र्नावा या छोट्या गावच्या स्पार्टाक संघाचा होता, ज्याने त्याच वसंतात युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) उपान्त्य फेरीत अ‍ॅजॅक्सला घाम फोडला.

ही हकिगत लिहिताना मी भाबड्या स्मरणरंजनात रमू इच्छित नाही. तो संघ एकत्र राहिला याचे एक कारण असे की त्याला दुसरीकडे जाण्याची मुभाच नव्हती. चांगल्या खेळाडूला परदेशी क्लबाशी करार करायचा तर तिशी उलटेपर्यंत वाट पाहावी लागे आणि तेव्हाही सरकारची परवानगी लागे. आंतोन ओंद्रुशसारखा बचावपटू आज असता तर विसाव्या वर्षीच इंग्लंड किंवा जर्मनीत दिसला असता. तो प्रत्यक्षात बेल्जियमच्या ब्रुग्सला गेला, तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. सीमेवरच्या काटेरी तारांनी खेळाडूंचे नुकसान केले आणि क्लबाचा फायदा, हे कटू असले तरी सत्य आहे. १९७६ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला हरवणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या पहिल्या अकरांत सहा जण एकट्या स्लोव्हानचे होते, आणि कर्णधार ओंद्रुशच होता. जगाला त्या रात्रीची फक्त आंतोनिन पानेंका या खेळाडूची निर्णायक पेनल्टी आठवते. तो प्राग शहराचा आणि दुसऱ्या क्लबाचा.

१९८९ नंतर दारे उघडली, तशी ही बेरीज उलटी झाली. साम्यवादी काळात क्लबामागे एक सरकारी रसायन कारखाना होता आणि त्याच्या नावाची अद्याक्षरे क्लबाच्या नावाला कित्येक वर्षे चिकटलेली होती. तो आधार गेला. १९९२ मध्ये स्लोव्हानने चेकोस्लोव्हाकियाचे आपले आठवे आणि अखेरचे विजेतेपद मिळवले, त्या हंगामात सत्तावीस गोल करणारा पेटर दुबोव्स्की वर्षभरातच रेआल माद्रिदला गेला. (२००० साली थायलंडमध्ये धबधब्याजवळ पाय घसरून हा गुणी खेळाडू अठ्ठाविसाव्या वर्षी दगावला. त्याच्याविषयी आपल्याकडे कधी दोन ओळी छापून आल्याचे मला आठवत नाही.) १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने दिलेल्या बॉसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ लागला आणि पूर्वेकडील क्लब पश्चिमेचे पुरवठादार बनले. २००४ मध्ये स्लोव्हान चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याच उन्हाळ्यात मारेक हामशिक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथून इटलीतील ब्रेशियाला गेला. पुढे नापोलीत त्याने काय केले हे वाचकांना सांगायला नको.

आता सेल्टिकवरील ५-० विजयाचे. तो पराक्रम स्लोव्हानचा नसून डॅन्यूबच्या पलीकडच्या तीरावरील पेत्रझाल्का वसाहतीतल्या आर्टमीडिया या संघाचा होता. सामना स्लोव्हानच्या तेहेल्ने पोले मैदानावर झाला, म्हणून लेखकाचा गोंधळ उडाला असावा. त्या संघाची मुळे १८९२ पर्यंत मागे जातात आणि स्लोव्हाकियात त्याच्याइतका जुना क्लब नाही. २००५ च्या जुलैत युराय हालेनारच्या तीन गोलांच्या बळावर त्यांनी सेल्टिकला लोळवले, परतीच्या सामन्यात चार गोल खाऊनही ते एका गोलाच्या फरकाने तरले, मग पार्टिझान बेलग्रेडला पेनल्टींवर हरवून साखळीत शिरले. तिथे पोर्तोच्या मैदानावर ०-२ असे पिछाडीवर असताना त्यांनी ३-२ असा विजय मिळवला आणि गटात तिसरे स्थान घेतले. इतके होऊनही हा क्लब दहा वर्षेसुद्धा धड टिकला नाही. प्रायोजकाचे नाव गेले, जुने मैदान गेले, २०१४ मध्ये दिवाळखोरी आली आणि चाहत्यांना खालच्या श्रेणीतून पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. शहरातला तिसरा क्लब इंटर. २००० आणि २००१ साली तो देशाचा विजेता होता. २००९ मध्ये त्याने अव्वल श्रेणीत खेळण्याचा आपला परवाना सेनित्सा नावाच्या गावच्या क्लबाला विकला. या दोन शेजाऱ्यांच्या दशेकडे पाहिल्यावर स्लोव्हान उभा राहिला याचे महत्त्व कळते.

मुंबईकरांना हे समजायला जड जाऊ नये. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. कूपरेजच्या मैदानावर ज्या संघांच्या नावाने आम्ही घसा बसवला, ते बहुतेक गिरण्यांचे, बँकांचे आणि कंपन्यांचे होते, आणि गिरणी किंवा कंपनीचा विचार बदलला की त्यांचा शेवट ठरलेला असे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि पाच वर्षांत तो संघ विसर्जित झाला. कंपनीने संघ का चालवावा, असा प्रश्न कंपनीच्या भागधारकाने विचारला तर त्याला दोष देता येत नाही. परंतु परळ-लालबागच्या प्रेक्षकाकडे त्या निर्णयाला हरकत घेण्याचे कोणतेही साधन नव्हते. स्लोव्हानमागचा कारखाना गेला, मालक बदलले, तरी संघ बुडाला नाही, कारण तोवर तो कारखान्याचा कमी आणि शहराचा अधिक झाला होता. दुसऱ्या श्रेणीतही त्याला प्रेक्षक लाभला. आपल्या मुंबई सिटीने दोनदा इंडियन सुपर लीग जिंकली आहे, पण तशा वाईट दिवसांची परीक्षा तिची अजून व्हायची आहे.

याचा अर्थ स्लोव्हानचे सारेच गोमटे आहे असा नव्हे. त्याच्या प्रेक्षकांतील एका गटाच्या वंशद्वेषी वर्तनाबद्दल युएफाने क्लबाला शिक्षा केली आहे. २०१९ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धचा सामना त्यामुळे नेहमीच्या प्रेक्षकांविना खेळवावा लागला आणि स्टेडियम शाळकरी मुलांनी भरले. २०१९ पासून २०२५ पर्यंत सलग सात वेळा देशाचे विजेतेपद एकाच क्लबाकडे जाणे हे स्लोव्हाक लीगच्या प्रकृतीसाठीही चांगले लक्षण मानता येणार नाही, आणि याला चॅम्पियन्स लीगचा पैसाच अधिक खतपाणी घालील. नव्या साखळीत नुसते खेळण्यापोटी प्रत्येक क्लबाला सुमारे १ कोटी ८६ लाख युरो मिळाले, मग तो आठही सामने का हरेना. तेवढी रक्कम ज्याच्या हाती आली, त्याला त्र्नावा किंवा झिलिना यांच्यासारख्या स्पर्धकांनी गाठायचे कसे, हा प्रश्न खरा आहे आणि आपल्या लेखकाने तो हाताळला असता तर त्यांच्या मूळ मुद्द्याला अधिक बळ आले असते. दर्जा घसरतो तो छोटे संघ आल्यामुळे, की छोट्या देशांतले खेळाडू सतराव्या वर्षी उचलून नेल्यामुळे, याचाही विचार त्यांनी करावा.

माझी विनंती एवढीच की, सेल्टिकवरील २००५ च्या विजयाची दुरुस्ती आपण क्रीडापानावर छापावी आणि त्यात आर्टमीडिया पेत्रझाल्काचे नाव स्पष्ट द्यावे. जागा उरल्यास बाझलच्या अंतिम सामन्याचा निकालही तिथेच द्यावा.

आपला एक वाचक,
परळ, मुंबई