कॉफी किती, केव्हा आणि कशासोबत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉफीने हृदय कमजोर होते आणि हाडे झिजतात, असा एक मजकूर मोबाइलवर येतो. चार दिवसांनी कॉफीने यकृत सुधारते, मधुमेह पळतो असा दुसरा येतो. लोक दोन्ही पुढे पाठवतात. पण कप केवढा, त्यात पावडर किती, किती वाजता प्यायची आणि त्याआधी-नंतर पोटात काय जाणार आहे, याचा उल्लेख दोन्हींत नसतो. कॉफी मानवणार की त्रास देणार, हे बहुतेक वेळा याच गोष्टींवर ठरते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी मर्यादा. निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेतले तर काळजीचे कारण नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सांगितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम ठेवली आहे. गोव्यात आपण ३०० च धरावेत. इथे कॉफी पिणारा माणूस चहा सोडलेला नसतो. सकाळी घरी कॉफी, दहाला कचेरीत चहा, चारला पुन्हा चहा, असा दिवस असतो आणि हे सगळे कॅफिन एकाच खात्यात जमा होते. त्याच सूचनांनुसार १५० मिलि फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते.

घरच्या फिल्टरचा, म्हणजे खाली छिद्रे असलेल्या वरच्या आणि रस साठवणाऱ्या खालच्या भांड्याचा, हिशेब स्वतः करता येतो. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे, घातली आणि पाकिटावर ‘कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के’ असे लिहिलेले असेल, तर खरी कॉफी १४ ग्रॅम. चिकोरी म्हणजे भाजून दळलेले एक मूळ, तिच्यात कॅफिन नसते. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाच्या दाण्यात वजनाच्या सुमारे १.२ टक्के कॅफिन असते, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर १४ ग्रॅममध्ये २३०-२४० मिलिग्रॅम होते आणि त्यातले बहुतेक डिकॉक्शनमध्ये, म्हणजे खाली गळणाऱ्या दाट अर्कात, उतरते. या डिकॉक्शनचे तीन कप केले तर प्रत्येकात ७० च्या आसपास, दोनच केले तर शंभरच्या वर. म्हणजे ‘मी दोनच कप पितो’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. पाकिटावरची टक्केवारी मात्र जरूर वाचावी. कायद्याने मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि प्रमाण छापणे बंधनकारक आहे. चिकोरी वाईट नाही. तिच्यातल्या इन्युलिन नावाच्या तंतूमुळे काहींना गॅस होतो, इतकेच.

कॅफेतला कप वेगळा. एका एस्प्रेसो शॉटमध्ये, म्हणजे यंत्राने दाबाखाली काढलेल्या घोटभर कडक कॉफीत, साठ-पासष्ट मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि मोठ्या ग्लासात सहसा दोन शॉट जातात. एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, म्हणजे २५० मिलिच्या डब्यात ७५ पर्यंत. कोलात कॅफिन आहे, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही आहे. डोके दुखते म्हणून गोळी आणि वर कडक कॉफी घेणाऱ्यांनी गोळीच्या पट्टीवरचे घटक वाचावेत.

आता फायद्यांचे. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप-२ मधुमेह, यकृताचा सिरॉसिस आणि यकृताचा कर्करोग कमी आढळतो, हे अनेक देशांतल्या मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. मधुमेहाबाबत कॅफिन काढलेल्या कॉफीतही तेच दिसते, म्हणजे श्रेय क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांकडे जात असावे. पण या पाहण्या निरीक्षणाच्या आहेत. कॉफी पिणारे आणि न पिणारे यांच्या राहणीत इतरही फरक असतात. त्यामुळे ज्याला कॉफी आवडत नाही त्याने औषध म्हणून ती सुरू करू नये, आणि मधुमेह्याने तिच्या भरवशावर गोळी चुकवू नये. शिवाय त्या देशांतली कॉफी बरीचशी काळी आणि बिनसाखरेची असते. आपली नसते.

साखरेवर जरा थांबायला हवे, कारण गोव्यातल्या कॉफीतला सर्वांत मोठा दोष तोच आहे. सपाट चमचाभर साखर म्हणजे ४-५ ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची एकूण साखर शक्य तर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. कॉफीतच ती ओलांडली गेली, मग गोड बन, बिस्किटे आणि चतुर्थीची नेवरी वेगळी. आणि साखर वाढते ती पुष्कळदा कॉफी नीट न उतरल्यामुळे. पावडर फार बारीक असेल किंवा चकतीने घट्ट दाबली तर पाणी तासभर अडून राहते आणि कडू, तुरट रस उतरतो. मग तो कडूपणा झाकायला तिसरा चमचा पडतो. पावडर फक्त सपाट करावी, चकती हलकेच टेकवावी, उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने पाणी ओतावे. १२०-१३० मिलि पाणी पंधरा-वीस मिनिटांत उतरले पाहिजे. पाच मिनिटांत उतरले तर पावडर जाड आहे, कॉफी पाणचट होईल. उतरलेले डिकॉक्शन कधीही गॅसवर उकळू नये, तापवायचे ते दूध. सकाळचे डिकॉक्शन संध्याकाळी वापरायचे असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे.

आपल्या हवेत आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात उघड्या पाकिटातली पावडर आठवड्यात दमट होते, गोळे धरते, वास जातो, आणि वास गेलेल्या कॉफीत उरतो तो कडूपणा. शंभर-दोनशे ग्रॅमच आणावी, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावी, ओला चमचा घालू नये. एवढे सांभाळले की दोन चमच्यांवरून एकावर येणे जड जात नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करावा, जीभ महिन्याभरात सरावते.

कॉफीने कर्करोग होतो ही भीती अजून काही घरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीत ठेवले होते खरे, पण २०१६ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून तिला त्या यादीतून काढले. त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसहून गरम कोणतेही पेय अन्ननलिकेसाठी बहुधा घातक ठरवले, मग तो चहा असो की साधे पाणी. उकळत्या दुधात डिकॉक्शन मिसळले की कप ७५-८० अंशांवर असतो. उडप्याच्या हॉटेलात डवऱ्यातून (पसरट वाटीतून) टंबलरमध्ये (पेल्यात) चार-पाच वेळा उंचावरून ओततात, त्याने फेस येतो आणि तापमानही उतरते. घरी तसे करावे, नाहीतर पाच मिनिटे थांबावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते जेवणाबरोबरच्या कॉफीकडे. कॉफीतले पॉलिफेनॉल वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यात शोषले जात नाही. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणासोबत कपभर कॉफी घेतल्यावर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले. जेवणाआधी तासभर घेतल्यास काहीच घट झाली नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तर जेवणासोबत घेतल्याइतकीच घट झाली. राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको म्हणते. मी म्हणेन, नंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत. मासळी-मांसातले लोह त्यामानाने कमी अडते. पण सोमवारी, श्रावणात किंवा एरवीही ज्यांच्या ताटात तांबडी भाजी (लाल माठ), आळसांद्यांचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्सा उसळ), कुळीथ हेच लोहाचे स्रोत असतात, त्यांच्या ताटातले लोह जेवणावरच्या कॉफीबरोबर वाया जाते. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. ज्या घरात मुलीला किंवा सुनेला लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तिथे दुपारची कॉफी चारला न्यावी आणि ताटावर लिंबाची फोड पिळावी. क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषले जाते. पैसा लागत नाही, औषध वाढत नाही.

गोळ्यांचेही असेच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफीला किमान अर्धा तास, शक्य तर तासभर थांबायचे. गोळी आणि कॉफी एकदमच घेतल्याने डोस वाढवत न्यावा लागतो, आणि दोष गोळीला दिला जातो. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी तर फक्त साध्या पाण्याबरोबरच. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असताना शरीरातून कॅफिन हळू बाहेर पडते. त्या दिवसांत नेहमीच्याच कपाने धडधड झाली तर नवल नाही, कप निम्मा करावा.

झोपेचे गणित साधे आहे. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला सरासरी पाच तास लागतात. पाच वाजता १०० मिलिग्रॅम घेतले तर रात्री दहाला ५० शिल्लक, पहाटे तीनला २५. झोप लागते, पण उथळ लागते. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेले ४०० मिलिग्रॅमही तासाभराहून अधिक झोप खाते, असे २०१३ च्या प्रयोगात दिसले. हॉटेलांत, कॅसिनोंत, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात घ्यावी. पहाटे चारची कॉफी गाडी चालवत घरी जायला उपयोगी वाटते, पण ती सकाळची झोप मोडते आणि पुढच्या रात्री अजून कॉफी मागते. संध्याकाळी गरम काही हवेच असेल तर आपल्या घरांतला धणे-जिऱ्यांचा कषाय दूध-गूळ घालून घ्यावा, किंवा नाचणीचे तिझन, म्हणजे पातळ पेज.

काहींनी मर्यादा आणखी खाली आणावी. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम, कारण शेवटच्या महिन्यांत कॅफिन उतरायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. मुलांसाठी वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९० आणि एनर्जी ड्रिंक अजिबात नको. छातीत जळजळ असणाऱ्यांनी उपाशीपोटी आणि आडवे होण्याआधी घेऊ नये. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॉफी टाळावी, नाहीतर आकडा फसवा येतो. एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे, कोलेस्टेरॉल वाढलेल्यांसाठी कागदी फिल्टरची किंवा इन्स्टंट कॉफी बरी. कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक कागदात अडकतो, धातूच्या छिद्रांतून मात्र बराचसा खाली येतो.

आणि बंद करायची झाल्यास एका दिवसात करू नये. बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते आणि हे दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकते. एकादशीच्या दुपारी होणारी डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसते, चुकलेल्या कपाची असते. दर तीन-चार दिवसांनी पावडर पाव भागाने कमी केली तर त्रास जाणवत नाही.

आपल्या पत्रामार्फत राज्यातल्या हॉटेलचालकांना आणि कचेऱ्या-महाविद्यालयांच्या कँटीनचालकांना दोन विनंत्या आहेत. कॉफी बिनसाखरेची आणावी आणि साखर टेबलावर वेगळी ठेवावी. आणि मेनूकार्डावर कॉफीच्या किमतीशेजारी कप किती मिलिचा आणि किती शॉटचा, हे छापावे. अन्न व औषध प्रशासनाने सुरुवात सरकारी कचेऱ्यांच्या कँटीनपासून केली तर उत्तम.

आपला,
एक आहारतज्ज्ञ, फोंडा